शाळेच्या वर्गात व्हायोलिन: पहिल्या वर्षाची आखणी, खुंटीपासून भूपापर्यंत

शाळेतला व्हायोलिनचा वर्ग बंद पडतो, तेव्हा दोष बहुधा शिक्षकाच्या वादनात नसतो. चाळीस मिनिटांच्या तासातली पंचवीस मिनिटं तारा जुळवण्यात, तारा जिच्यावर टेकतात ती कलंडलेली घोडी बसवण्यात आणि गजाला, म्हणजे वाजवायच्या छडीला, लावायची राळ शोधण्यात जातात. मुलं कंटाळतात, शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहतात आणि दिवाळीनंतर वाद्यं कपाटात जातात ती जातातच. घरी एकेकाला शिकवणारा उत्तम वादकही इथे अडखळतो. घरच्या शिकवणीत ही कामं शिष्य येण्याआधी किंवा बोलता बोलता उरकलेली असतात. वर्गात ती सगळी एकदम अंगावर येतात. म्हणून या लेखात रागापेक्षा खुंटीबद्दल, म्हणजे तार गुंडाळून सुरात आणायच्या लाकडी खिट्टीबद्दल, जास्त लिहिलं आहे.

आखणी धरली आहे ती अशी: पाचवी-सहावीची चोवीस मुलं, बारा व्हायोलिनं, आठवड्यातून दोन तास, शिक्षण हिंदुस्थानी पद्धतीचं. पटावर पन्नास मुलं असतील तर दोन तुकड्या करा. पन्नास मुलांना एकत्र बसवून तंतुवाद्य शिकवता येत नाही, कितीही शिस्त असली तरी.

व्हायोलिनच का? सतार मुलाच्या अंगापेक्षा मोठी होते, पंधरा-वीस तारा रोज जुळवाव्या लागतात, आणि मिजराब (बोटात घालायची तारेची नखी) व तारेच्या काचण्याने पहिल्या महिन्यातच निम्मी मुलं गळतात. मेंडोलिनला पडदे, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या, असतात, त्यामुळे सूर लवकर सापडतो. ज्या शाळेकडे आठवड्याला एकच तास आहे तिने सरळ मेंडोलिन घ्यावं. व्हायोलिनला पडदे नाहीत ही अडचण खरी, पण त्याची लहान मापं सहज मिळतात, चारच तारा असतात आणि ते गळ्याच्या जवळचं वाद्य आहे. वर्गात मुलं गात असतील तर वाद्यावरचा सूर कानाने दुरुस्त होतो. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमध्ये सोल्फा (पाश्चात्त्य पद्धतीने स्वरांची नावं म्हणत गाणं) आणि व्हायोलिन बरोबरच शिकवत असत, आणि मुंबईच्या सिनेसंगीतातले कितीतरी व्हायोलिनवादक त्या परंपरेतून आले. आधी गाणं, मग गज, हा क्रम तिथेही होता.

माप आणि जोड्या

वाद्यं मागवण्याआधी मुलांचे हात मोजा. डावा हात बाजूला सरळ पसरायचा आणि मानेच्या कडेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत टेप लावायची. साधारण ५८ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पूर्ण मापाचं व्हायोलिन, ५४ ते ५७ असेल तर पाऊण, ४९ ते ५३ असेल तर अर्ध्या मापाचं. पाचवीच्या वर्गात बहुतेक मुलं पाऊण मापात बसतात. बारा वाद्यांत आठ पाऊण, दोन अर्धी आणि दोन पूर्ण हे प्रमाण बहुधा जमतं, पण मोजल्याशिवाय मागवू नका. शंका असेल तिथे लहान माप घ्या. मोठ्या वाद्यावर मुलाचं मनगट आत मुडपतं आणि ती सवय पुढे काढता येत नाही. गजही त्याच मापाचा हवा; पाऊण व्हायोलिनबरोबर पूर्ण गज आला असेल तर परत पाठवा.

एका वाद्यावर दोन मुलं असणार, तेव्हा जोड्या हाताच्या लांबीवरून लावा, मैत्रीवरून नको. प्रत्येक वाद्याला, त्याच्या पेटीला आणि गजाला एकच नंबर द्या. सात नंबरची जोडी वर्षभर सात नंबरच वाजवेल. यामुळे भांडणं मिटतात हा छोटा फायदा. मोठा फायदा असा की बिघाड कुणाच्या हातून होतो आणि का होतो हे तुम्हाला तीन आठवड्यांत कळतं.

खरेदी करताना एका गोष्टीवर अडून बसा: टेलपीसवर, म्हणजे तारांची घोडीपलीकडची टोकं धरणाऱ्या पट्टीवर, चारही तारांना बारीक जुळवणीचे स्क्रू हवेत. स्वस्त वाद्यांत तो एकट्या पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेला असतो. चारही स्क्रू असलेला टेलपीस नंतर वेगळा बसवता येतो, आणि तेवढ्या एका बदलाने रोजच्या जुळवणीचा वेळ निम्म्यावर येतो.

कोणत्या सुरात लावायचं

इथे बराच गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

व्हायोलिनच्या तारा ज्या सुरांसाठी बनवलेल्या असतात ते जाडीकडून बारकीकडे, हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या नावांनी, असे: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. पाश्चात्त्य नावं जी, डी, ए, ई. कंपनं १९६, २९३.७, ४४० आणि ६५९.३ हर्ट्झ. हिंदुस्थानी वादकांपैकी बरेच जण तारा प-सा-प-सा अशा लावतात. पांढरी दोनला षड्ज धरला तर त्यासाठी जाड तार एक पूर्ण सूर चढवावी लागते आणि बारीक तार एक पूर्ण सूर उतरवावी लागते. तारेचा ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे जाड तारेवरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो आणि बारीक तारेचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. चांगल्या वाद्याला हे सोसतं. शाळेच्या वाद्याची घोडी मात्र तिरकी होते, खुंटी सुटते.

आता मधल्या दोन तारा पाहा. पांढरी दोनला षड्ज धरला की त्या सा आणि प होतात, आणि प-सा-प-सा पद्धतीतही त्या तशाच सा आणि प राहतात. दोन्ही पद्धतींत बदलतात त्या फक्त कडेच्या तारा. म्हणून पहिलं पूर्ण वर्ष तारा कंपनीच्या मूळ सुरात ठेवा, षड्ज पांढरी दोन धरा आणि मुलांना फक्त मधल्या दोन तारा वाजवू द्या. मंद्र मध्यम आणि तार ऋषभाच्या कडेच्या तारा वाद्यावर असतील, पण गज त्यांच्याकडे जाणार नाही. पुढे मूल गुरूंकडे गेलं की ते दोन तारा बदलून लावतील. शिकलेलं एकही बोट बदलावं लागणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गळ्यालाही पांढरी दोन सोयीची पडते, षड्जापासून तार षड्जापर्यंत ओरडावं लागत नाही.

कडेच्या तारा वापरत नाही म्हणून काढून ठेवू नका. घोडी आणि साऊंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटात उभी असलेली लाकडी काडी, या दोन्ही चार तारांच्या दाबावर उभ्या असतात.

एक खबरदारी. शाळेची जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, ४४० ला जुळलेली असेलच असं नाही. प्रार्थनेला पेटीबरोबर वाजवायचं असेल तर ट्यूनर बाजूला ठेवा आणि वाद्यं पेटीला जुळवा. पेटी वर्गात जुळवता येत नाही, व्हायोलिन येतं.

वर्गात येण्याआधी वाद्यावर करायची कामं

नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात. शाळा सुरू होण्याच्या दहा दिवस आधी तारा चढवा आणि रोज एकदा सुरात आणा. तार खुंटीवर गुंडाळताना तीन-चार वेढे यायला हवेत, आणि वेढे खुंटीच्या जाड टोकाकडे सरकत जायला हवेत; मग तारच खुंटीला आत ओढून धरते. वेढे उलट्या बाजूला गेले की खुंटी बाहेर ढकलली जाते आणि दर तासाला सुटते.

घोडीचे पाय वाद्यावरच्या दोन खिडक्यांच्या आतल्या खाचांच्या रेषेत बसवा. घोडीची कमी उंचीची बाजू बारीक तारेखाली. टेलपीसकडची बाजू वाद्याच्या पाटाला, म्हणजे वरच्या लाकडी फळीला, काटकोनात हवी. तार चढवताना घोडीचा माथा हळूहळू खुंट्यांकडे झुकतो, म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही हातांच्या बोटांनी माथा धरून थोडा मागे घ्यायचा. घोडीच्या खाचांत आणि मेरूच्या, म्हणजे तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीच्या, खाचांत साध्या पेन्सिलचं शिसं घासलं की तारा सरकतात, घोडीला ओढत नाहीत.

मग बोटांच्या खुणा. पाटीवर, म्हणजे फिंगरबोर्डवर, तीन मिलिमीटर रुंदीच्या टेपच्या तीन पट्ट्या लावायच्या. मेरूपासून घोडीपर्यंतची तार प्रत्येक वाद्यावर स्वतंत्र मोजा, कारण एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या वाद्यांतही काही मिलिमीटरचा फरक निघतो. या लांबीचा नववा भाग मेरूपासून मोजला की ऋषभ, पाचवा भाग म्हणजे गंधार, चौथा भाग म्हणजे मध्यम. पूर्ण मापात लांबी ३२८ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे खुणा साधारण ३६, ६६ आणि ८२ वर येतात. पाऊण मापात ३०८ धरली तर ३४, ६२ आणि ७७. बोट दाबल्यावर तार थोडी ताणली जाऊन सूर किंचित चढतो, त्यामुळे पट्टी चिकटवण्याआधी तानपुऱ्यावर ऐकून एखादा मिलिमीटर मेरूकडे घ्यावी लागते.

गंधाराची खूण हार्मोनियमवर तपासू नका. पेटीचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर हा फरक दोन मिलिमीटर भरतो. तीच पहिली पट्टी पंचमाच्या तारेवर धैवत किंचित चढा देते. पहिल्या वर्षी तेवढं चालवून घ्या. बारा मुलं एकाच चढ्या धैवतावर आली तरी खूप झालं.

सुट्या सामानाचा डबा वर्गातच ठेवा. बारा वाद्यांसाठी:

- सा आणि प च्या तारा प्रत्येकी चार, सर्वांत बारीक तारेचे सहा नग, जाड तारेचे दोन
- पाऊण मापाच्या तीन घोड्या, बाकी मापांची एकेक
- राळेच्या तीन वड्या आणि बारीक पॉलिश पेपरचा तुकडा
- चिमट्याचे दोन ट्यूनर, जादा बॅटरीसह
- खडू, कोरड्या साबणाची वडी, पेन्सिल, कात्री, खुणांची टेप
- बारा सुती फडकी

बारीक तार वाजवतच नाही, मग सहा कशाला? कारण ती वाजवल्याने कमी आणि मुलांनी खुंटी फिरवून पाहिल्याने जास्त तुटते.

पडलेला साऊंडपोस्ट शाळेत उभा करायच्या फंदात पडू नका. वाद्य हलवल्यावर आत काडी खुळखुळत असेल तर तारा सैल करा आणि वाद्य कारागिराकडे द्या. काडी पडलेली असताना तारा ताणून ठेवल्या तर वरचा पाट खचू शकतो.

बैठक

हिंदुस्थानी बैठकीत मूल सतरंजीवर बसतं, उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचं गोल वळणाचं टोक उजव्या पावलावर घोट्याजवळ टेकलेलं आणि दुसरं टोक छातीच्या डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली. वाद्य दोन्हीकडून टेकल्यामुळे डाव्या हाताला ते पेलावं लागत नाही, आणि शाळेसाठी याहून महत्त्वाचं म्हणजे ते पडत नाही. उभं राहून खांद्यावर धरण्याच्या पद्धतीत पहिले दोन महिने निम्मं लक्ष वाद्य सांभाळण्यात जातं.

या बैठकीला जागा लागते. एका मुलामागे सव्वा मीटर रुंदी आणि तेवढीच खोली धरा, नाहीतर एकाचा गज शेजारच्याच्या कोपराला लागतो. चार-चारच्या तीन रांगा करा, मागची रांग पुढच्याच्या फटीत. बाकं भिंतीला लावावी लागतील. ते काम तासाआधी कोण करणार हे मुख्याध्यापकांशी पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. जोडीदार मूल वादकाच्या उजवीकडे किंचित मागे बसतं. त्याच्याकडे काम असतं, ते पुढे येतंच.

बैठकीतला एक कायमचा दोष: वाद्याचं टोक खाली असल्याने पाटीचा उतार पावलाकडे असतो, आणि गज आपोआप उतारावरून पाटीवर घसरतो. आवाज पोकळ, फुसका येतो. मुलाला वाटतं जोर कमी पडला, म्हणून ते दाबतं, मग खरखर सुरू होते. दाब कमी करायला सांगून हे सुटत नाही. गजाची जागा घोडी आणि पाटीचं टोक यांच्या मधोमध परत आणली की दाब आपोआप कमी होतो.

चाळीस मिनिटं कशी वापरायची

शिक्षकाने तासाच्या वीस मिनिटं आधी यायचं आणि बाराही वाद्यं स्वतः जुळवायची. दीड मिनिटात एक वाद्य व्हायला हवं. बारीक स्क्रू मध्यावर ठेवा म्हणजे दोन्हीकडे फिरवायला वाव राहतो. खुंटी फिरवावी लागली तर आधी थोडी उतरवून मग आत दाबत सुरावर चढवा. थेट चढवलेली खुंटी तारेसह झटक्यात फिरते. आधीचा तास रिकामा मिळत नसेल तर वर्ग मधल्या सुट्टीनंतर लावून घ्या. पहिल्या वर्षी मुलांनी खुंटीला हात लावायचा नाही, हा नियम मोडला तर त्या तासाला वाद्य मिळणार नाही. याबाबतीत मऊ राहू नका.

मधल्या सुट्टीनंतरचा तास घेतला की दुसरी भानगड येते: खिचडीचे हात. साबणाने धुतल्याशिवाय कुणी वाद्याला हात लावायचा नाही. गजाच्या केसांना बोट लागलं की तिथे तेल बसतं, राळ धरत नाही आणि तेवढ्या भागात गज तारेवरून आवाज न करता सरकतो. डोक्याला खोबरेल तेल चोपडून आलेली मुलं बोलता बोलता वेणीला, केसांना हात लावतात आणि तोच हात गजाला. डाग पडलाच तर कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन फक्त केस पुसा. लाकडाच्या पॉलिशला स्पिरिट लागता कामा नये.

तासाची वाटणी अशी:

पहिली पाच मिनिटं तानपुरा सुरू, सगळे चोवीस सा आणि प गातात, त्याच वेळी नंबरवार वाद्यं वाटली जातात. तानपुरा ॲपवरचा चालेल, पण स्पीकर शिक्षकाच्या टेबलावर नको, खोलीच्या मध्यावर जमिनीवर ठेवा. मोबाईलचा स्वतःचा आवाज बारा व्हायोलिनांपुढे ऐकू येत नाही. शाळेत खरा तानपुरा असेल तर उत्तमच. मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुरुस्तीलाही मिरजेचे कारागीर परवडतात. पण मग तोही जुळवण्याचा वेळ धरा.

पुढची चौदा मिनिटं पहिला गट वाजवतो. जोडीदार दर तासाला एकच गोष्ट पाहतो: आज गज मधोमध आहे का, उद्या अंगठा वाकलेला आहे का, परवा मनगट पाटीला चिकटलं का. तीन गोष्टी एकदम पाहायला सांगितल्या तर एकही पाहिली जात नाही. बाकी वेळ तो हाताने ताल धरतो आणि स्वरांची नावं म्हणतो.

एका मिनिटात अदलाबदल. मग चौदा मिनिटं दुसरा गट. शेवटची सहा मिनिटं गज सैल करणं, तारांवरची राळेची पूड फडक्याने पुसणं, वाद्य पेटीत, पेटी जमिनीवर सपाट. बाकावर ठेवलेली पेटी हमखास पडते.

हुकूम तीनच ठेवा. "मांडीवर" म्हणजे गज मांडीवर आडवा, हात शांत. "तयार" म्हणजे गज तारेच्या वर. "तारेवर" म्हणजे टेकवा, पण ओढू नका. शिक्षक बोलत असताना गज मांडीवरच. पहिले दोन तास नुसते या तीन हुकुमांत गेले तरी चालतील, कारण पुढे वर्षभर प्रत्येक सूचनेआधीची कुरकुर त्याने वाचते.

आठवड्यांचा क्रम

जून ते दिवाळी आणि दिवाळी ते मार्च मिळून, परीक्षा आणि सुट्ट्या वजा जाता, अठ्ठावीस आठवडे हाती लागले तर नशीब. त्याप्रमाणे क्रम लावा.

*पहिले तीन आठवडे* गज पेटीतच. वाद्य मांडीवर घेऊन किंवा बैठकीत बसून उजव्या हाताच्या तर्जनीने सा आणि प छेडायचे, तीनतालाच्या (चार-चारच्या चार विभागांत सोळा) मात्रांवर. याच काळात गजाची पकड पेन्सिलीवर शिकवा: अंगठा वाकलेला, त्याच्या समोर मधलं बोट, करंगळी टोकावर गोल उभी. पेन्सिल घरी असतेच, म्हणून हा अभ्यास घरी देता येतो. वाद्य घरी पाठवू नका.

*चौथ्या ते आठव्या आठवड्यात* गज. गज ताणताना काडी आणि केस यांच्यात मधोमध एक पेन्सिल आरामात जाईल एवढंच अंतर हवं. काडी सरळ झाली किंवा उलटी वाकली म्हणजे जास्त ताणला. नव्या गजाला पहिल्यांदा राळेचे पंचवीस-तीस हात मारावे लागतात, नव्या वडीचा वरचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने खरवडला नाही तर राळ लागतच नाही आणि मूल सांगतं, "सर, माझं वाजतच नाही." नंतर तासाला चार-पाच हात पुरे. तारेखाली पांढरा थर दिसू लागला की राळ जास्त झाली, आवाज चरचरीत येणार.

गजाच्या काडीवर टेपच्या दोन खुणा करून तीन समान भाग पाडा. सुरुवात मधल्या भागातच. तीनतालाचा एक विभाग म्हणजे एक गज:

पहिल्या विभागात सा, गज ओढत. दुसऱ्यात सा, गज परत. तिसरा विभाग खालीचा, म्हणजे टाळी नसलेला. त्यात गज तारेवर टेकलेला पण थांबलेला, मुलं तोंडाने मात्रा मोजतात. चौथ्या विभागात कोपर थोडं हलवून गज प च्या तारेवर टेकवायचा, ओढायचा नाही. पुढच्या समेला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, प सुरू.

या खालीच्या शांत विभागाची किंमत मोठी आहे. बारा मुलांना एकाच क्षणी थांबता आणि सुरू करता आलं की वर्ग ताब्यात आला. लय मिनिटाला साठ मात्रांच्या आसपास ठेवा. त्याहून संथ ठेवली तर लहान गज संपतो आणि मूल शेवटच्या मात्रेला गज थरथरवत थांबतं.

*नवव्या आठवड्यापासून* डावा हात. इथे आमचा आग्रह भूप रागाचा आहे, बिलावलाच्या पूर्ण सप्तकाचा नाही. कारण बोटांत आहे. सा मोकळी तार, रे पहिलं बोट, ग दुसरं. प मोकळी तार, ध पहिलं बोट, आणि तार सा तिसऱ्या बोटाने. म आणि नि वर्ज्य असल्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाला एकमेकांना चिकटून बसण्याची वेळच येत नाही. नवशिक्यांचा सगळ्यात बेसूर टप्पा ग-म आणि नि-सां हाच असतो. भूप तो टाळतो आणि तरीही मुलांच्या हाती पूर्ण राग येतो.

आधी सा रे सा, मग सा रे ग रे सा, हे दोन आठवडे. पहिलं बोट ठेवल्यावर दुसरं ठेवताना पहिलं उचलायचं नाही. हे रोज सांगावं लागतं. मग तोच आकार प च्या तारेवर, फक्त पहिल्या बोटापर्यंत. मग अलंकार: सारेग, रेगप, गपध, पधसां आणि उलट. प्रत्येक अलंकार आधी गायचा, मग छेडून वाजवायचा, मग गजाने. छेडताना बेसूर असेल तर गजावर जाऊ नका, कारण गज आला की डाव्या हाताकडे लक्ष राहत नाही.

*दिवाळीनंतर* भूपाचं मध्य लयीतलं सरगम गीत, तीनतालात, स्थायी आणि अंतरा. मग दुर्गा राग: सा रे म प ध. आता पहिलं आणि तिसरं बोट, आणि वाद्यच सूर तपासून देतं. सा च्या तारेवरचा मध्यम बरोबर लागला की शेजारची न वाजवलेली जाड तार थरथरते, कारण ती त्याच मध्यमाची खालच्या सप्तकातली तार आहे. प च्या तारेवर तार षड्ज बरोबर लागला की सा ची तार बोलते. मुलांना ती तार डोळ्यांनी पाहायला सांगा. एकदा हे दिसलं की "बरोबर आहे का सर?" हा प्रश्न कमी होतो. तिसऱ्या बोटाची पट्टी म्हणूनच सर्वांत आधी, फेब्रुवारीच्या सुमारास काढता येते. गंधाराची पट्टी सर्वांत शेवटी.

*वर्षअखेरीला* ग आणि म शेजारी आणून बिलावलाचं सप्तक. कोमल स्वर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि करंगळी पुढच्या वर्षी. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांच्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक हा पुढचा टप्पा असतो, पण पहिल्या वर्षी परीक्षेचा विषय काढू नका. पालक काढतील, तेव्हा अभ्यासक्रमाची प्रत हातात द्या.

वर्गात ऐकू येणारे दोष

बारा वाद्यं एकदम वाजताना कुणाचं चुकतंय हे कळत नाही, आणि चुकणाऱ्यालाही कळत नाही. चार-चारच्या रांगा वाजवा, बाकीचे गातात. एकेकट्याला उठवून वाजवायला लावणं पहिल्या सहामाहीत टाळा, लाजरी मुलं त्या एका प्रसंगाने सोडून जातात.

सगळी रांग हळूहळू उतरत चालली असेल तर मनगट पाहा. दमलं की ते पाटीला टेकतं, हात मेरूकडे सरकतो आणि बोटं खुणेमागे पडतात. दोन मिनिटं वाद्य खाली ठेवा. मध्येच शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल तर गज चुकून कडेच्या बारीक तारेला लागतो आहे; कोपर वर-खाली करून मधल्या तारेची पातळी पुन्हा दाखवा. बोट खुणेवर असूनही सूर घरघरत असेल तर बोट आडवं पडलं आहे किंवा नख वाढलं आहे. डाव्या हाताची नखं दर सोमवारी बघा. बोटांची टोकं पहिले काही दिवस हुळहुळतात, ते ठीक. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखत असेल तर मूल वाद्याची मान आवळून धरतं आहे; अंगठा पूर्ण सोडून चार मात्रा वाजवायला लावा.

कार्यक्रमाची मागणी

जुलैत वर्ग सुरू झाल्याचं कळताच कुणीतरी पंधरा ऑगस्टला वाजवायला सांगतं. नाही म्हणा. तोवर मुलांच्या हातात गज आलेला असतो, बोटं नाही. गॅदरिंग किंवा सव्वीस जानेवारी घ्या. तिथे भूपाचं सरगम गीत, निम्मा गट वाजवणारा आणि निम्मा गाणारा, तबल्याची साथ, एकूण चार मिनिटं. मंचावरच्या दिव्यांखाली तारा उतरतात, म्हणून वाद्यं अर्धा तास आधी तिथे नेऊन तिथेच जुळवा. माईक गाणाऱ्यांसमोर ठेवा; व्हायोलिनांना लागत नाही.

पावसाळा, उन्हाळा, मे महिना

कोकणात आणि गोव्यात जूनपासून खुंट्या फुगून अडकतात. जोर लावला तर खुंटीचं डोकं हातात येतं. खुंटी बाहेर काढून टेकणाऱ्या दोन्ही जागी कोरडा साबण घासायचा. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर उलट: लाकूड सुकतं, खुंट्या घसरतात, सकाळी उघडलेल्या पेटीत चारही तारा सैल पडलेल्या असतात. तिथे साबणाऐवजी खडू. दोन्ही थोडेथोडे लावले की बहुतेक खुंट्या वर्षभर नीट वागतात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको, ओल तिथूनच येते.

मेच्या सुट्टीआधी प्रत्येक तार अर्धा ते एक सूर उतरवा. त्याहून सैल केली तर घोडी पडते आणि तिच्यामागोमाग साऊंडपोस्ट. गजाचे केस मात्र पूर्ण सैल सोडा. बंद पेटीच्या अंधारात बारीक किडे गजाचे केस कुरतडतात. जूनमध्ये पेटी उघडली की केस झुपक्याने सुटून येतात. सुट्टीत दोनदा तरी कुणीतरी शाळेत जाऊन पेट्या उघडून तासभर उजेडात, पण उन्हात नाही, ठेवायला हव्यात, आणि पेटीचा आतला कापडी थर ब्रशने झाडायला हवा. हे काम शिपाईमामांवर सोडायचं असेल तर तारखा लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, किल्ली कुणाकडे आहे तेही त्याच कागदावर.